कोकेन व चलनी नोटा

दक्षिण अमेरिकेतील कोका या झुडपाच्या पानांपासून मिळणारे कोकेन हे एक अल्कलॉइड (वनस्पतींत आढळणारे, नायट्रोजनयुक्त व शरीरावर प्रभावी क्रिया करणारे संयुग) आहे. एकोणिसाव्या शतकात औषध म्हणून व विसाव्या शतकात निषिद्ध मादक पदार्थ म्हणून ते जगभर पसरले. या प्रसाराची एक अनपेक्षित खूण म्हणजे वापरातील चलनी नोटांवर आढळणारे कोकेनचे अतिसूक्ष्म अंश होत. १९८० नंतर अनेक देशांत झालेल्या तपासण्यांवरून असे दिसून आले की, ज्यांचा मादक पदार्थांशी काहीही संबंध नाही, अशा व्यक्तींच्या खिशांतील नोटांवरही हे अंश असतात. त्यामुळे नोटांवरील कोकेन हा गुन्ह्याचा पुरावा मानावा की नाही, हा प्रश्न रसायनशास्त्राइतकाच न्यायशास्त्राचाही झाला.

कोका व अँडीज प्रदेश : अँडीज पर्वताच्या पूर्व उतारावरील उष्ण व दमट भागात कोकाची लागवड फार प्राचीन काळापासून होत आली आहे. पेरूच्या उत्तर भागातील नान्चोक खोऱ्यात सु. ८,००० वर्षांपूर्वीची चघळलेली कोकाची पाने व त्यांबरोबर वापरलेला चुना यांचे अवशेष सापडले आहेत. पानांत अल्कलॉइडाचे प्रमाण शेकडा एकाहून सहसा अधिक नसते. चुना किंवा राख यांसारख्या क्षारधर्मी पदार्थाबरोबर पाने गालात धरल्यास ते हळूहळू सुटते व त्यामुळे भूक, थकवा आणि उंच प्रदेशातील विरळ हवेचा त्रास कमी जाणवतो. विड्यातील चुन्याचे कार्य परिचित असलेल्या वाचकास ही पद्धत सहज समजेल. इंका साम्राज्यात कोकाला धार्मिक विधींत मानाचे स्थान होते.

सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी पेरू जिंकल्यावर चर्चने कोकाचा संबंध मूर्तिपूजेशी जोडला व लीमा येथील धर्मपरिषदांनी तिचा निषेध केला. तथापि १५४५ मध्ये शोध लागलेल्या पोतोसी येथील चांदीच्या खाणींत राबणारे स्थानिक मजूर कोकाशिवाय काम करीत नाहीत, असे दिसून आल्यावर हा विरोध मावळला. कोकावर कर बसविण्यात आला. कूस्को येथील बिशप व धर्माधिकारी यांच्या उत्पन्नाचा मोठा भाग कोकावरील दशमांश करातूनच येत असे. खाणींच्या प्रदेशात कोकाची पाने मजुरीच्या मोबदल्यात व वस्तुविनिमयात दिली-घेतली जात. म्हणजे कागदी नोटांशी संबंध येण्याच्या कितीतरी आधी कोका स्वतःच एक प्रकारचे चलन होती.

अल्कलॉइडाचा शोध व वैद्यकीय उपयोग : कोकाची पाने लांबच्या सागरी प्रवासात निःसत्त्व होत असल्याने यूरोपात त्यांच्या गुणांविषयी दीर्घकाळ शंका होती. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रीड्रिख गेडके यांनी १८५५ मध्ये पानांतील क्रियाशील द्रव्य प्रथम वेगळे काढले. त्यानंतर ‘नोव्हारा’ या ऑस्ट्रियन जहाजाच्या जगप्रवासात गोळा केलेली पाने गटिंगेन येथील फ्रीड्रिख व्हलर यांच्या प्रयोगशाळेत आली. तेथे आल्बेर्ट नीमान यांनी शुद्ध स्फटिकरूप अल्कलॉइड मिळवून १८६० मध्ये त्याला ‘कोकेन’ हे नाव दिले. हे द्रव्य जिभेला लावल्यास ती बधिर होते, याची नोंदही त्यांनी केली. पुढे व्हिल्हेल्म लोसेन यांनी त्याचे रासायनिक सूत्र निश्चित केले. कोकेनाच्या रेणूत कार्बनाचे १७, हायड्रोजनाचे २१, नायट्रोजनाचा १ व ऑक्सिजनाचे ४ अणू असतात.

बधिरतेच्या या गुणाचे महत्त्व लक्षात येण्यास जवळजवळ पाव शतक जावे लागले. व्हिएन्नातील तरुण वैद्य सिग्मंड फ्रॉइड यांनी १८८४ मध्ये कोकावर निबंध लिहून अनेक विकारांवर तिची शिफारस केली. त्यांचे सहकारी कार्ल कोलर यांनी त्याच वर्षी कोकेनचा विद्राव डोळ्यात घातल्यास शस्त्रक्रियेची वेदना होत नाही, हे सिद्ध केले. १५ सप्टेंबर १८८४ रोजी हायडल्‌बर्ग येथील नेत्रवैद्यांच्या परिषदेत हा शोध जाहीर झाला. प्रवासखर्च परवडत नसल्याने कोलर स्वतः तेथे जाऊ शकले नाहीत व त्यांचा निबंध दुसऱ्याने वाचला. स्थानिक संवेदनाहरणाचा (शरीराचा ठराविक भागच बधिर करण्याचा) प्रारंभ येथून झाला. अमेरिकन शल्यचिकित्सक विल्यम हॉल्स्टेड यांनी तंत्रिकेभोवती (मज्जातंतूभोवती) कोकेन टोचून भाग बधिर करण्याची पद्धत विकसित केली; मात्र स्वतःवर केलेल्या प्रयोगांतून ते त्याच्या व्यसनात अडकले. मॉर्फिनाचे व्यसन सोडविण्यासाठी फ्रॉइड यांनी ज्यांना कोकेन दिले, ते त्यांचे मित्र एर्न्स्ट फोन फ्लाइश्ल यांनाही दुहेरी व्यसन जडले.

याच सुमारास कोका व कोकेन घातलेली पेये, बलवर्धके व सर्दीवरील औषधे खुल्या बाजारात आली. आंजेलो मार्यानी यांचे कोकायुक्त मद्य फ्रान्समध्ये १८६३ पासून विकले जात होते. अटलांटा येथील औषधविक्रेते जॉन पेंबर्टन यांनी १८८६ मध्ये तयार केलेल्या कोका-कोला या पेयातही प्रारंभी कोकाचा अर्क होता. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यातील कोकेन काढून टाकण्यात आले. १९०५ च्या सुमारास आल्फ्रेट आइनहोर्न यांनी शोधलेले प्रोकेन हे कृत्रिम संवेदनाहारक प्रचारात आल्यावर कोकेनची वैद्यकीय गरजही पुष्कळ कमी झाली.

निर्बंध व चोरटा व्यापार : व्यसनाचे दुष्परिणाम दिसू लागताच निर्बंध आले. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९०६ च्या अन्न व औषध कायद्याने औषधांत कोकेन असल्यास तसे वेष्टनावर छापणे आवश्यक झाले आणि १९१४ च्या हॅरिसन कायद्याने त्याच्या विक्रीवर कडक नियंत्रण बसले. आंतरराष्ट्रीय पातळीवर १९१२ चा हेग करार, १९२५ चा जिनीव्हा करार व १९६१ चा मादक पदार्थांविषयीचा एकत्रित करार हे महत्त्वाचे टप्पे होत.

या इतिहासात भारताचाही भाग आहे. यूरोपीय कारखान्यांत तयार झालेले कोकेन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कलकत्ता व मुंबई या बंदरांतून देशात येऊ लागले. ते येथे बहुधा विड्याच्या पानातून खाल्ले जाई. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बंगाल, मुंबई इ. प्रांतांच्या सरकारांनी अबकारी कायद्यांखाली त्यावर निर्बंध घातले, तरी चोरटी आयात चालूच राहिली. १९३० च्या घातक औषधिद्रव्य अधिनियमाने या निर्बंधांना देशव्यापी स्वरूप आले. त्याची जागा पुढे १९८५ च्या गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमाने घेतली.

दुसऱ्या महायुद्धानंतर काही काळ कोकेनचा वापर मर्यादित होता. १९७० नंतर मात्र पेरू व बोलिव्हियातील कोकापासून कोलंबियात कोकेन तयार करून ते अमेरिकेत पाठविणाऱ्या टोळ्या प्रबळ झाल्या. मेदेयीन येथील टोळीचा प्रमुख पाब्लो एस्कोबार हा १९९३ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला. परंतु व्यापार थांबला नाही. हा सर्व व्यापार रोखीचा होता. बँकांच्या नोंदींत येऊ नये म्हणून व्यवहार नोटांतच होत व ज्या खोल्यांत भुकटीची पुडकी बांधली जात, तेथेच नोटाही मोजल्या जात. फ्लॉरिडातील मायामी हे शहर १९८० नंतरच्या दशकात या पैशाचे मोठे केंद्र बनले आणि नोटांवरील अंशांचा प्रश्नही प्रथम तेथेच पुढे आला.

नोटांवर अंश कसे येतात : चोरट्या बाजारातील कोकेन हायड्रोक्लोराइड ही पांढरी, अतिशय बारीक भुकटी असते. नोटेची सुरळी करून तिच्यातून ही भुकटी नाकाने ओढण्याची प्रथा आहे. अशा नोटेला पुष्कळ भुकटी चिकटते. विक्रेत्याच्या हातांवरूनही ती नोटांवर जाते. अमेरिकन डॉलरच्या नोटेचा कागद लाकडाच्या लगद्याचा नसून त्यात ७५% कापसाचे व २५% अळशीचे (लिननचे) तंतू असतात. वापराने हे तंतू सैल होतात व सूक्ष्म स्फटिक त्यांच्या जाळीत अडकून बसतात.

एवढ्याने मात्र बहुतेक सर्व नोटा दूषित होण्याचा उलगडा होत नाही. तो बँकांतील नोटा मोजण्याच्या यंत्रांमुळे होतो. यंत्राचे रबरी रूळ व पट्टे दर मिनिटास शेकडो नोटांवरून घासत जातात. एखादी दूषित नोट त्यातून गेली की तिच्यावरील कण यंत्रास लागतात व मागून येणाऱ्या नोटांवर पसरतात. गल्ला, पाकीट व एकत्र बांधलेल्या गड्ड्या यांतूनही हाच प्रकार घडतो. यामुळे अंशांची वाटणी फार विषम असते. बहुसंख्य नोटांवर ते नाममात्र असतात आणि थोड्या नोटांवर, म्हणजे प्रत्यक्ष वापरातून आलेल्या नोटांवर, त्यांच्या शेकडो पट असतात.

तपासण्या : मायामी येथील एका वृत्तपत्राने १९८५ मध्ये शहरातील ११ प्रतिष्ठित नागरिकांकडून प्रत्येकी एक नोट घेऊन ती न्यायवैद्यक प्रयोगशाळेत तपासून घेतली; त्यांपैकी १० नोटांवर कोकेन आढळले. याच प्रयोगशाळेतील विषवैज्ञानिक विल्यम हर्न यांनी पुढे १२ शहरांतील बँकांमधून मिळविलेल्या १३५ नोटा तपासल्या; त्यांतील १३१ नोटांवर अंश होते.

वायुवर्णलेखन व द्रव्यमान वर्णपटमिती (मिश्रणातील घटक वेगळे करून त्यांच्या रेणूंच्या वस्तुमानावरून ते ओळखण्याची पद्धत) यांच्या संयोगामुळे पुढील काळात मापन अधिक काटेकोर झाले. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑयलर, डार्विन व कोन यांच्या अभ्यासात एक डॉलरच्या १३६ नोटांपैकी ७९% नोटांवर ०·१ मायक्रोग्रॅमपेक्षा (१ मायक्रोग्रॅम = ग्रॅमचा दशलक्षांश) जास्त कोकेन सापडले. एका नोटेवर तर ते १,३०० मायक्रोग्रॅमहून अधिक होते. २००१ मधील जेंकिन्स यांच्या अभ्यासात पाच शहरांतील ५० नोटांपैकी ९२% दूषित होत्या. या नोटांवरील सरासरी प्रमाण २८·७५ मायक्रोग्रॅम होते, तर मध्यस्थ प्रमाण (निम्म्या नोटा ज्याच्या वर व निम्म्या खाली असतात ते मूल्य) केवळ १·३७ मायक्रोग्रॅम होते. या दोन आकड्यांतील अंतर वर सांगितलेली विषम वाटणी स्पष्ट करते. थोड्या अतिदूषित नोटा सरासरी फुगवितात. म्हणून या विषयात केवळ सरासरी सांगणे दिशाभूल करणारे ठरते.

यूरोपातही असेच निष्कर्ष मिळाले. १९९९ मध्ये लंडनमधील ५०० नोटांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक नोटांवर कोकेन सापडले. २००७ मध्ये डब्लिन सिटी विद्यापीठात तपासलेल्या सर्व ४५ नोटा दूषित निघाल्या. मॅसॅचूसेट्स विद्यापीठाच्या डार्टमथ येथील शाखेतील युगांग झुओ यांनी २००९ मध्ये पाच देशांतील नोटांची तुलना सादर केली. तीनुसार अमेरिका व कॅनडा येथे दूषित नोटांचे प्रमाण ८५ ते ९०% होते. उलट चीन व जपान येथे ते १२ ते २०% होते. वॉशिंग्टन शहरातील नमुन्यांत ते ९५% होते. मात्र काही देशांतील नमुने फारच लहान असल्याने अशा तुलनेवरून त्या देशांतील व्यसनाचे प्रमाण ठरविता येत नाही.

आरोग्याच्या दृष्टीने हे अंश नगण्य आहेत. नशेसाठी एका वेळी ओढली जाणारी भुकटी सु. ५० मिलिग्रॅम धरली, तर १·३७ मायक्रोग्रॅम हा तिचा सु. छत्तीस हजारावा भाग होतो. नोटा हाताळल्यामुळे नशा येत नाही. एका प्रयोगात मुद्दाम कोकेनने माखलेल्या नोटा हाताळणाऱ्या व्यक्तीच्या मूत्रातही व्यसन ठरविण्याच्या मर्यादेइतके अवशेष आढळले नाहीत.

न्यायालयीन वाद : हे अंश निरुपद्रवी असले, तरी त्यांवरून काढलेले अनुमान निरुपद्रवी नव्हते. अमेरिकेच्या कायद्यात मालमत्तेविरुद्धच दिवाणी दावा लावून ती सरकारजमा करता येते. त्यामुळे अशा खटल्यांत प्रतिवादीच्या जागी माणसाऐवजी डॉलरची रक्कम लिहिलेली असते. मालकावर गुन्ह्याचा आरोप ठेवण्याचीही गरज नसते. १९८४ च्या कायद्याने जप्त मालमत्तेचे उत्पन्न तपासयंत्रणांना वापरण्याची मुभा मिळाल्यावर अशा जप्त्या वाढल्या. विमानतळावर किंवा रस्त्यावर एखाद्याजवळ मोठी रोकड सापडली की प्रशिक्षित कुत्र्याला ती हुंगविली जाई. कुत्र्याने इशारा दिला की पैसा मादक पदार्थांच्या व्यापारातील आहे, असे मानले जाई.

१९९१ मध्ये टेनेसी राज्यातील नॅशव्हिल विमानतळावर बागकामाचा व्यवसाय करणाऱ्या एका कृष्णवर्णीय गृहस्थाजवळील ९,००० डॉलर अशाच रीतीने घेण्यात आले. रोपे खरेदी करण्यासाठी तो ह्यूस्टनला निघाला होता व त्याने तिकिटाचे पैसे रोख दिले होते, एवढेच संशयाचे निमित्त होते. त्याच्याजवळ मादक पदार्थ सापडले नाहीत व त्याच्यावर आरोपही ठेवला गेला नाही. तथापि जप्तीस आव्हान देण्यासाठी रकमेच्या दशांशाइतकी हमी भरण्याची तत्कालीन कायद्यात अट होती आणि ती भरण्याची त्याची ऐपत उरली नव्हती. रक्कम परत करण्याचा आदेश मिळण्यास १९९३ साल उजाडावे लागले.

१९९४ मध्ये नवव्या विभागाच्या संघीय अपील न्यायालयाने ३०,०६० डॉलरच्या प्रकरणात या प्रश्नाचा सरळ विचार केला. लॉस अँजेल्स परिसरातील वापरात असलेल्या तीन-चतुर्थांशांहून अधिक नोटांवर मादक पदार्थांचे अंश असतात, असा पुरावा न्यायालयापुढे होता. मग कुत्र्याचा इशारा बहुतेक कोणाच्याही रोकडीवर मिळू शकेल. म्हणून त्याला फारसे महत्त्व देता येत नाही, असे ठरवून न्यायालयाने जप्ती अमान्य केली.

या युक्तिवादास पुढे रसायनशास्त्रातूनच उत्तर मिळाले. फ्लॉरिडा आंतरराष्ट्रीय विद्यापीठातील केनेथ फर्टन व त्यांचे सहकारी यांनी असे दाखविले की, कुत्रा कोकेनला नव्हे, तर कोकेनच्या विघटनातून निर्माण होणाऱ्या मिथिल बेंझोएट या बाष्पनशील (सहज उडून जाणाऱ्या) द्रव्याच्या वासाला प्रतिसाद देतो. हे द्रव्य लवकर उडून जात असल्याने जुन्या, सर्वसामान्य अंशांना कुत्रा दाद देत नाही. त्याचा इशारा रोकड नुकतीच मोठ्या साठ्याजवळ असल्याचे सुचवितो. सातव्या विभागाच्या अपील न्यायालयाने २००५ मध्ये ३०,६७० डॉलरच्या प्रकरणात हे संशोधन ग्राह्य मानून जप्ती कायम केली. दरम्यान २००० च्या सुधारणा कायद्याने हमीची अट रद्द करून मालमत्तेचा गुन्ह्याशी संबंध सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली होती.

ब्रिटनमध्ये थोडा वेगळा मार्ग अनुसरण्यात आला. तेथील तज्ञ एखाद्या नोटेवर कोकेन आहे की नाही, एवढेच पाहत नाहीत. जप्त गड्डीतील किती नोटा किती दूषित आहेत, हे मोजून ते त्याची तुलना सर्वसाधारण वापरातील नोटांच्या नमुन्यांशी करतात. भेद लक्षणीय असेल तरच त्याचा पुरावा म्हणून विचार होतो. भारतीय कायद्यात कोकेनचे ‘अल्प प्रमाण’ २ ग्रॅम व ‘व्यापारी प्रमाण’ १०० ग्रॅम असे २००१ मध्ये ठरविण्यात आले. नोटेवरील सामान्य अंश या पहिल्या मर्यादेच्याही दशलक्षांशाच्या आसपास असतो.

मूल्यमापन : नोटांवरील कोकेनचा इतिहास हा काही अंशी मापनसाधनांच्या प्रगतीचा इतिहास आहे. जे पूर्वी दिसतच नव्हते, ते दिसू लागले. याच तत्त्वावर इटलीतील मीलान येथील संशोधकांनी २००५ मध्ये पो नदीच्या पाण्यातील अवशेषांवरून तिच्या खोऱ्यात रोज सु. ४ किग्रॅ. कोकेन वापरले जात असावे, असा अंदाज केला. संपूर्ण लोकसमूहाविषयी अनुमान करण्यास असे अंश उपयोगी पडतात. एका व्यक्तीविषयी मात्र ते फारच थोडे सांगू शकतात. एखादा पदार्थ सर्वत्र आढळत असेल, तर तो एके ठिकाणी आढळला या वस्तुस्थितीला पुरावा म्हणून मूल्य राहत नाही. महत्त्व उरते ते प्रमाणाला व तुलनेला. ऑस्ट्रेलियाने १९८८ पासून व ब्रिटनने २०१६ पासून प्रचारात आणलेल्या पॉलिमर (प्लॅस्टिकसदृश) नोटांत स्फटिक अडकण्यास तंतू नसतात. त्यामुळे कागदी नोटांवरून ठरविलेले निकष त्यांना तसेच लावता येत नाहीत व तुलनेचे नमुने नव्याने गोळा करावे लागतात. नोट हे हातोहात फिरणारे साधन असल्याने तिच्यावरील खूण ही ती बाळगणाऱ्याची नसून, ती ज्या सर्व हातांतून गेली त्यांची असते.